बिनकामाची फेरी

इंग्रजीच्या तासाला सरांनी इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टच्या सायकलवाटांचे वर्णन केले. तळी, टेकड्या, दगडी कुंपणे! मनात आले, आपल्याकडे पाहण्यासारखे काय आहे?

रविवारी बाबांची सायकल घेऊन नायगावहून गोदाकाठच्या राहेरला निघालो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. काळी माती मडगार्डात इतकी भरली, की चाक फिरेना. काडीने उकरत उकरत पोहोचलो. नृसिंहाचे जुने मंदिर पाहिले, भरलेली गोदावरी पाहिली आणि शीण गेला.

सायंकाळी बाबांनी विचारले, "राहेरला काय काम होतं?"

"काही नाही. नुसतं बघायला गेलो होतो."

बाबा गप्प झाले. याच सायकलवर त्यांनी जन्मभर पोती वाहिली. बिनकामाची फेरी एकही नाही. मला अपराध्यासारखे वाटले.

चाकाचा चिखल पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "नदीला पाणी किती होतं रे?"