मिसळणे आणि विरघळणे

उर्दूत 'घुल-मिल जाना' म्हणतात. घुलना म्हणजे विरघळणे, मिलना म्हणजे मिसळणे. 'मुख्य प्रवाहात मिसळा' असे आम्हा मुसलमानांना सांगणारे बरेच जण ही दोन क्रियापदे एकच समजतात. धातुशास्त्र तसे समजत नाही.

ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे, पण मऊ. त्यात तांबे विरघळवून मिश्रधातू करता येतो. दुसरी रीत म्हणजे वितळलेल्या धातूत सिलिकॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकचे बारीक कण ढवळणे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हे कण वितळत नाहीत. ते कणच राहतात आणि धातूची झीज कमी करतात, त्याला ताठपणा देतात. १९९६ साली आलेल्या लोटस एलिस मोटारीच्या ब्रेकच्या चकत्या अशाच पदार्थाच्या होत्या. आपल्याकडे प्रदीप रोहतगी यांनी बंगळूर आणि भोपाळ येथे या विषयावर पायाभूत काम केले.

खरी अडचण कण आणि धातू यांच्या सीमेवर असते. द्रव ॲल्युमिनियम सिरॅमिकला सहजी ओले करत नाही. कल्हईवाला नवसागराने भांडे साफ करतो, तेव्हाच कथील धरते. इथेही कण आधी तापवतात, धातूत थोडे मॅग्नेशियम घालतात. पकड बसली नाही तर भार धातूकडून कणाकडे जात नाही. कणांचे पुंजके झाले तर तिथूनच तडा जातो. आणि धातू कणाला खाऊ लागला, तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते आणि ओलाव्याने बिघडते.

नाव ऐकून घर भाड्याने नाकारायचे आणि मग 'तुम्ही मोहल्ल्यातच गोळा होता' म्हणायचे, हे मला इथे आठवते. पुंजका नुसत्या कणांच्या स्वभावाने होत नाही, ढवळणाऱ्यावरही अवलंबून असतो. अर्थात आपणही दार आतून लावून बसू नये.

उपमा फार ताणू नये. कण जास्त झाले की धातू ठिसूळ होतो, हे वाचून कुणाला लोकसंख्या आठवेल. माणसे म्हणजे भुकटी नव्हे, आणि त्यांचे प्रमाण ठरवणारा कारागीर कुणी नाही. मला एवढेच घ्यायचे आहे: न विरघळताही भार वाटून घेता येतो. मी मराठी शिकवतो, उर्दूही शिकवतो. दोन्हींपैकी एकही विरघळवण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.