एका चौकटीत तीन पंतप्रधान

गेल्या दिवाळीत आम्ही सगळी भावंडं पुसदच्या घरी जमलो, ती घर उतरवायला. बैठकीच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक इंदिरा गांधींची आणि दुसरी वसंतराव नाईकांची. मधल्या ताईनं इंदिराबाईंची तसबीर खाली घेतली. मागचा पुठ्ठा कसरीनं खाल्लेला होता, हात लागताच तो गळून पडला. इंदिराबाईंच्या पाठीमागून शास्त्रीजी निघाले आणि शास्त्रीजींच्या पाठीमागून नेहरू.

हे काम आजीचं. चौकट एक, काच एक, खिळा एक. पंतप्रधान बदलला की ती नवीन चित्र वर सरकवायची आणि जुनं तिथंच मागं ठेवायची. नेहरूंचं चित्र कॅलेंडरातून कापलेलं होतं. कात्री जिथं वाकडी गेली होती, तिथं एकादशीची एक अर्धी तारीख राहून गेलेली.

मग सगळ्यांनाच उत्सुकता लागली म्हणून नाईकसाहेबांची तसबीरही उघडून पाहिली. तिच्या मागं काहीच नव्हतं. नुसता पुठ्ठा.

नसणारच. आमचं जाणतेपण ज्या वर्षांत आलं, त्या वर्षांत दिल्लीची खुर्ची हलत होती आणि मुंबईची मात्र पुसदच्या माणसाखाली घट्ट होती. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षांहून जास्त. तेवढ्यात दिल्लीत नेहरू गेले, गुलझारीलाल नंदा आले, शास्त्रीजी आले, ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत, पुन्हा नंदा, मग इंदिराबाई. नंदांचं चित्र आजीनं कधी लावलं नाही. "दोन हप्त्यांसाठी कायले काच काढू?" असं तिचं म्हणणं.

आमच्या घरात साल कुणी सांगत नसे, सरकार सांगत. मोठ्या दादाचा जन्म "शुक्लांच्या राज्यातला", म्हणजे पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते आणि पुसद मध्य प्रदेशात होतं तेव्हाचा. ताई "मुंबई राज्यातली", १९५६ नंतरची, आणि धाकटा तेवढा "महाराष्ट्रातला". घर एक वीतही हललं नाही आणि तीन भावंडं तीन राज्यांत जन्मली. आजोबांना यात नवल वाटत नसे. पैनगंगेपलीकडच्या गावांना ते मरेपर्यंत मोगलाईच म्हणत राहिले.

आजोबांच्या लेखी पंतप्रधान म्हणजे फोटो आणि रेडिओ. मुख्यमंत्री मात्र पाहिलेला माणूस. नाईकसाहेब तालुक्यातल्या गहुलीचे, फुलसिंग नाईकांचे चिरंजीव. त्यांनी पुसदला वकिली केली, १९४६ मध्ये इथलेच नगराध्यक्ष झाले. बंजाऱ्यांच्या तांड्यातला मुलगा नागपूरला शिकून वकील होतो, हेच त्या पिढीला केवढं तरी वाटलं होतं. मुख्यमंत्रिपद पुढचं. ती बातमी रेडिओवर आली तेव्हा आम्ही पोरं अंगणात कंचे खेळत होतो. आजोबा बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "पोट्टेहो, आता मुंबई आपली झाली." आम्हाला वाटलं, आता मुंबईला जायला तिकीट लागणार नाही.

सरकार घरात कुठून शिरतं, हे आम्हाला स्वयंपाकघरानं शिकवलं. १९६५ मध्ये धान्याची ओढ होती. शास्त्रीजींनी देशाला सोमवारी रात्री एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं. आजी हसली. "सोमवार तं आधीच महादेवाचा हाय. शास्त्रीजींनी नवं काय सांगतलं?" पण त्या वर्षी तिनं आम्हा पोरांनाही उपासाला बसवलं, आणि महादेवाच्या नावानं पोरांना तिनं कधीच बसवलं नव्हतं. रेशनवर तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर थापताना कडा फाटायच्या. मोठीआई बोट ओलं करून त्या फटी बुजवायची आणि पुटपुटायची, "परक्याचं पीठ, ऐकत नाही."

मग हायब्रीड आली. संकरित ज्वारी शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला नाईकसाहेबांनी रान उठवलं होतं. आमच्या काकांनी पहिल्या वर्षी भीत भीत एका पट्ट्यात पेरली. ताटं ठेंगणी, कणसं मात्र बुक्कीएवढी भरलेली. पोत्यांची थप्पी पहिल्यांदा ओसरीवर आली. कोठीत मावेना म्हणून. आजीनं भाकर खाऊन पाहिली. "पोट भरते, तोंड भरत नाही," असा निकाल दिला. गावात तर किरकोळ अंगाच्या पोराला "हायब्रीड" म्हणायची रीतच पडली. आमच्यातल्या धाकट्याला ते नाव पंचवीस वर्षं पुरलं. पण मिलोची भाकर त्यानंतर आमच्या तव्यावर फारशी पडली नाही, हेही खरं.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीतली. १ जुलै, त्यांचा जन्मदिवस, राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. हे सगळं आम्हाला पुढे पुस्तकांतून कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की कापूस आता व्यापाऱ्याकडे न्यायचा नाही. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची. आम्ही दोघं भाऊ काकांबरोबर जायचो आणि रात्री गाडीखाली पोतं अंथरून झोपायचो. वर कापूस, खाली थंडी. बैलांच्या गळ्यातल्या घंटा अधूनमधून वाजायच्या आणि रांग एका गाडीनं पुढं सरकली की सगळ्यांना उठून गाडी ढकलावी लागायची. त्याच साली दुष्काळ पडला. बाहेरगावच्या रस्त्यांवर बायाबापड्या खडी फोडत बसलेल्या दिसायच्या. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी महाराष्ट्रानं त्याच दिवसांत उभी केली. देशानं तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

या सगळ्यात एक शब्द आमच्या घरात फार होता, तो म्हणजे "शब्द". शब्द टाकणे. कुणाची बदली असो, कुणाचा प्रवेश असो, कुणाची नोकरी असो, लोक म्हणायचे, "तुमचं काय बाप्पा, पुसदवाले तुम्ही, बंगल्यावर शब्द टाकला की झालं." बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, आम्ही रोज मुख्यमंत्र्यांबरोबर चहा पितो.

आजोबांनी शब्द टाकायचा एकदाच घाट घातला, काकांच्या नोकरीसाठी. साहेब पुसदला येणार होते. आजोबांनी धुतलेलं धोतर, काळी टोपी घातली. अर्ज चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. धाकट्याचं बोट धरून निघाले. गर्दी एवढी की उभं राहायला जागा नाही. तांड्यातून आलेल्या बाया, काचकवड्यांच्या घागऱ्यांत, उन्हात बसलेल्या. कुणाच्या हातात कागद, कुणाच्या हातात कागदही नाही. आजोबा तासभर उभे राहिले आणि तसेच माघारी आले. आजीनं विचारलं, तर म्हणाले, "एवढ्यात आपलंच काय सांगावं?" अर्ज खिशातच राहिला. काकांनी शेतीच केली.

आम्हाला तेव्हा आजोबांचा रागच आला होता. चालून आलेली संधी घालवली असं वाटलं. आज वाटतं, ओळख असूनही ती न वापरता घरी येणारे ते आमच्या घरातले शेवटचे. आम्ही तसे नव्हतो. आम्ही मागणी करायला शिकलोच नाही, ओळख काढायला शिकलो. पुसद जिल्हा व्हावा ही मागणी जुनी, रेल्वेची तर त्याहून जुनी. यवतमाळच्या लोकांना निदान शकुंतला रेल्वे होती, हळू का होईना चालणारी. आम्ही एसटीनं जन्म काढला. दोन मुख्यमंत्री देणाऱ्या गावाला रुळाचा तुकडा नाही, हा विनोद आम्ही पुण्यामुंबईत शेकडो वेळा केला, पण त्यासाठी कधी मोर्चात चाललो नाही. सगळ्यांची कुणाशी ना कुणाशी ओळख होती. मग मोर्चा कोण काढणार?

दुसरे मुख्यमंत्री म्हणजे सुधाकरराव, वसंतरावांचे पुतणे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये नाईकसाहेब सिंगापूरला वारले. दिल्लीत तेव्हा चरणसिंग होते, शेतकऱ्यांचा पंतप्रधान म्हणून मिरवणारे, आणि दोनच दिवसांनी त्यांनीही राजीनामा दिला. त्यानंतर बारा वर्षांनी, २१ जून १९९१ ला नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि २५ जूनला सुधाकरराव मुख्यमंत्री. राव दोनदा रामटेकहून लोकसभेवर गेलेले, मराठी जाणणारे. आजोबा असते तर म्हणाले असते, "आता दिल्लीही आपलीच." पण ते नव्हते, आजीही नव्हती आणि खिळ्यावर इंदिराबाईच राहिल्या होत्या. गहुलीचे सरपंच म्हणून सुरुवात केलेल्या सुधाकररावांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. मुंबईच्या दंगली त्यांच्याच काळातल्या, आणि १९९३ च्या सुरुवातीला त्यांना जावं लागलं. त्यांची तसबीर आमच्याकडे कुणी लावली नाही. तोवर भिंतीवर टीव्ही आला होता.

तसबिरी कुणी न्यायच्या यावर थोडं बोलणं झालं. नाईकसाहेब सगळ्यांनाच हवे होते. ते मोठ्या दादाकडे गेले. पंतप्रधानांची चौकट ताईनं घेतली. तिघंही होते तसेच एकामागे एक ठेवायचे, असं तिनं बजावलं.

मग शेताच्या वाटणीचं निघालं. त्याला सातबारा पाहिजे. दादानं सवयीनं विचारलं, "तहसीलमध्ये कोणाची ओळख हाय का रे?" आम्ही एकमेकांची तोंडं पाहत बसलो. तेवढ्यात धाकट्याच्या मुलीनं फोनवर काहीबाही केलं, पंधरा रुपये भरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून कागद आणून दिला.

दादानं चष्मा लावला. कागद पुढून पाहिला, मागून पाहिला.

"सही कोणाची हाय यावर?"

"सही लागत नाही, मोठे बाबा."

दादानं कागदाची नीट चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.