निराधारचा पगार

‘घरबसल्या पैसे मिळतात म्हणून बाया कामाला येत नाहीत,’ असं मी २०२४च्या पावसाळ्यापासून चारचौघांत ठासून सांगायचे. आज माझं ते मत राहिलेलं नाही. ते कशानं बदललं हे लिहावंसं वाटलं, कारण फुलसावंगीच्या बाजारात हेच वाक्य अजून रोज कानावर पडतं आणि बोलणारे बहुतेक माझ्यासारखेच शेतीवाले असतात.

तेव्हा तसं वाटायला कारण होतं. लाडकी बहीण योजना त्या जुलैत सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम खात्यांवर आले. नेमकं त्याच वेळी सोयाबीन आणि कपाशीत तण कमरेला लागलेलं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य आधीपासूनच फुकट होतं. आदल्या वर्षी एका निरोपावर धुऱ्यावर हजर होणाऱ्या बायांच्या दारी मला दिवेलागणीला जाऊन उभं राहावं लागलं. कुणाची पाठ धरलेली, कुणाच्या घरी पाहुणे. एक म्हणाली, “वहिनी, उद्या पाहू.” त्याआधी ‘उद्या पाहू’ म्हणणारी मी असायचे, त्या मजुरीचे पैसे मागायला यायच्या तेव्हा.

पहिला प्रश्न मला दीड हजाराच्या हिशेबानंच पडला. दिवसाला पन्नास रुपये. तेवढ्यावर कोणतं घर चालतं? तेल, मीठ, मुलांच्या वह्या, दवाखाना, सगळं रोजाच्या पैशातूनच व्हायचं. म्हणजे बाया काम सोडून बसल्या नव्हत्या. मग नाही कुठे म्हणत होत्या, ते मी बघत गेले. फवारणी केलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदायला नाही. जिथं मजुरी पंधरा-पंधरा दिवस लटकते, त्या शेतात नाही. गावापासून लांब, जायला-यायला गाडी नाही, तिथं नाही. जो संध्याकाळी हातावर पैसे ठेवतो त्याच्याकडे मात्र त्याच बाया सकाळी आठला खुरपं घेऊन तयार. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. औषध अंगावर उडत असतानाही पंप खाली न ठेवणाऱ्यांत कितीतरी जण रोजानं गेलेले होते. त्या दिवशीचा रोज बुडाला तर चूल कशी पेटवायची, हा घोर ज्याला असतो त्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. महिन्याच्या दीड हजारानं बायांना तो एक शब्द मिळाला होता, आणि मी त्यालाच आळस म्हणत होते.

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मलाही मिळतात. ते घेऊन मी शेत पडीक टाकलं नाही, आणि टाकीन असं कुणी म्हणतही नाही. बारा हजारांनी माझी मेहनत कमी होत नसेल, तर मजूर बाईच्या वर्षाच्या अठरा हजारांनी तिची कशी होईल? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण मत पुरतं पालटलं ते एका बाईमुळे. ती माझ्याकडे अनेक वर्षं येते, नवरा वारलेला, दोन लेकरं शाळेत. तिला संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार मिळतात, म्हणून लाडकी बहीणचे मिळत नाहीत. आमच्याकडे या पेन्शनला सगळे ‘पगार’च म्हणतात. शाळेत पोषण आहार शिजवायला बाई हवी होती. महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वर्षातले दहा महिने. सावलीतलं काम, दुपारनंतर मोकळीक, लेकरं डोळ्यांसमोर. मीच तिला म्हटलं, घे म्हणून. ती आतून कागदांची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, आणि घडीवर फाटत आलेला उत्पन्नाचा दाखला. त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, “वहिनी, निंदायचे पैसे हातात येतात, त्याचं कुठं लिहून राहत नाही. शाळेचे खात्यावर येतीन. कोनं तहसीलात दाखवलं तं माहा पगार बंद होईन.”

निराधार योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. मानधनाचे दहा महिन्यांचे होतात २५ हजार. म्हणजे २५ हजार मिळवायचे तर हक्काचे १८ हजार पणाला लावायचे. हातात वाढणार सात हजार, आणि मानधन थकलं तर तेही नाही. तिनं शाळेला नाही सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मला झोप लागू न देणारी गोष्ट वेगळीच होती. ती शाळेत गेली नाही म्हणून माझ्या वावरात राहिली. ज्या कामाची नोंद होते ते तिला परवडत नाही, ज्याची नोंद होत नाही तेच परवडतं; आणि नोंद नसलेलं, स्वस्त काम देणारी मी. सरकारी पैशामुळे मजूर मिळत नाही म्हणून मी ओरडत होते, तेव्हा सरकारच्याच एका अटीमुळे माझी एक मजूर माझ्याकडे बांधलेली होती.

मग त्या २१ हजारांकडे मी नीट पाहिलं. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखादी विधवा हमीचे शंभर दिवस कामावर गेली तर ३१,२०० रुपये व्हायचे. अडुसष्टाव्या दिवशीच ती या मर्यादेबाहेर जायची. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली, १९७२च्या दुष्काळात लाखोंना जगवणारी आणि १९७९पासून कायद्याचं बळ असलेली ही योजना याच राज्याची. एका हातानं ‘मागेल त्याला काम’ म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं, काम पुरं केलंस तर आधार काढून घेऊ, असं बजावायचं. पेन्शन २०२३ साली हजाराची दीड हजार झाली, मर्यादा तिथंच राहिली.

मजुरी वाढवणं माझ्या हातात थोडंच आहे, हेही सांगते. वेचणीला किलोला दहा रुपये दिले तरी क्विंटलमागे हजार जातात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साली ८,११० होता, पण गरजेपायी घरून व्यापाऱ्याला विकताना तो हातात पडत नाही. निंदणाचा रोज मी वाढवला, पैसे त्याच संध्याकाळी देते, फवारलेल्या वावरात आठवडाभर बाया घालत नाही. वेचणीचा दर वाढवायला मला जमलेलं नाही, आणि त्यासाठी बायांच्या दीड हजाराला दोष देणं मी थांबवलं आहे.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. निराधारची उत्पन्नमर्यादा निदान रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर असावी, शाळेतलं किंवा अंगणवाडीतलं मानधन त्यात धरू नये, आणि कुणाची कमाई वाढलीच तर पेन्शन एकदम न तोडता टप्प्याटप्प्यानं कमी करावी. अनुमोदन द्यायला ती बाई तयार आहे. फक्त स्वतःचं नाव इतिवृत्तात नको म्हणते.