अडीच फुटी रूळ

अमरावती ते अकोला या दोन दिवसांच्या प्रवासातली देवळे, बाजार, मुक्काम सारे एका ओळीत संपते. उरतात ते मूर्तिजापूरचे अडीच फुटी रूळ. एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. या रुळांवरची शकुंतला ही छोटी गाडी आता धावत नाही; पण किलिक निक्सन कंपनीने गेल्या शतकाच्या आरंभी हे रूळ टाकले ते कापसाच्या गठाणींसाठी. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ च्या अमेरिकेतल्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इथल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध थांबले आणि भावही कोसळला. वऱ्हाडी कुणब्याच्या हाती रोकड आली तीच अशी, दूरच्या लढाईवर टांगलेली. माझे म्हणणे एवढेच, की दोष पिकाचा नाही, जोखमीच्या वाटणीचा आहे. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी हे सारे आधी द्यायचे. भाव मात्र सर्वांत शेवटी कळणार, आणि तोही दुसरीकडे ठरणार.

‘मग कापूस सोडा’ असे शहाणी माणसे सांगतात. त्यांनी दर्यापूरकडचा खारपाण पट्टा पाहावा. पूर्णेच्या या खोऱ्यात भूगर्भातले पाणी खारट, ओलिताची सोय तुटपुंजी. पाऊस आणि काळ्या मातीतली ओल यांवरच पऱ्हाटी उभी राहते. सोयाबीनकडे बरेच जण वळले, पण त्याचाही भाव तेलाच्या जागतिक बाजाराशीच बांधलेला. दुसरा आक्षेप २००२ मध्ये आलेल्या बीटी वाणाचा. त्याने सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी घटली, हे खरेच आहे. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने तेही कवच भेदले. कोरडवाहू शेतात पावसाने महिनाभर दडी मारली, तरी बियाण्याची किंमत कमी होत नाही. म्हणून सरळ वाणांचे बियाणे घरचे ठेवणे, कापसात तुरीच्या ओळी घेणे, हे मागासपण नव्हे. जोखीम वाटून घेण्याची ती रीत आहे.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले गेले, नेमके आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. ज्याला दिवाळीत उधारी फेडायची आहे, तो माल धरून ठेवू शकत नाही. हमीभाव खरा करायचा असेल, तर खरेदी केंद्रे दिवाळीपूर्वी तालुक्या-तालुक्यात उघडा.