उजवीकडून येणारा रस्ता

गेम बॉयला आवाज असतो हे मला पहिले चार दिवस कळलंच नाही. भिवंडीतल्या आमच्या घराची एक भिंत कारखान्याला लागून होती. पलीकडे माग चालू असले की फळीवरची भांडी बारीक थरथरत राहत आणि घरात साधं ‘पाणी दे’ म्हणायचं तरी ओरडावं लागे. आम्हाला ते ओरडणं वाटायचंच नाही. मित्राच्या मामूने कुवेतहून आणलेला तो हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा राखाडी ठोकळा अशा घरात आला, तेव्हा आम्ही त्यातलं चित्र तेवढं पाहिलं. मग शुक्रवार उजाडला. शुक्रवारी माग बंद. दुपारी गल्ली इतकी शांत झाली की कुणाच्या तरी घरातली फोडणी ऐकू आली, आणि त्याच शांततेत आमच्या हातातून एक बारीक, उड्या मारणारी धून निघाली. आम्ही दोघंही दचकलो. हे गाणं म्हणजे चार दिवस आमच्या बोटांखाली वाजत होतं तर!

ती १९९६ सालची दिवाळीची सुट्टी. खेळ एकच होता, ‘सुपर मारिओ लँड’. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय पहिल्यांदा दुकानात आला, त्याच दिवशी त्याच्यासोबत आलेला हा खेळ आमच्यापर्यंत पोचायला सात वर्षं लागली. पडदा काडेपेटीएवढा. रंग म्हणावेत तर एकाच शेवाळी हिरव्याच्या चार छटा, कामतघरच्या वऱ्हाळदेवी तलावाचं पाणी पावसाळ्यानंतर दिसतं तशा. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. वीज गेली तरी यंत्र चालू राही, कारण त्यात चार पेन्सिल सेल असत. पण आपल्याला काहीच दिसत नसे. मग आम्ही गच्चीवर जायचो. सेल मंदावले की काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचो. तापलेले सेल परत घातले की अजून थोडा वेळ मिळायचा, आणि तो थोडा वेळ आम्ही अगदी काटकसरीने वापरायचो.

त्या काडेपेटीत काय नव्हतं! पिरॅमिड होते, समुद्र होता, माणसाहून मोठे दगडी चेहरे असलेलं बेट होतं, शेवटी चीनसारखा देश होता. चार राज्यं मिळून बारा टप्पे. मी तोवर कल्याण आणि ठाण्यापलीकडे गेलो नव्हतो. टोपीवाला छोटा माणूस पळायचा, खड्डा आला की उडी मारायचा, खड्ड्यात पडला की एक जीव जायचा. जीव संपले की पुन्हा पहिल्या पिरॅमिडपाशी. तिसऱ्या राज्यापर्यंत पोचून खेळ बंद केला तर ती सगळी चाल पुसली जायची. कुठवर आलो ते लक्षात ठेवायची सोय त्यात नव्हती. सगळ्यात जिव्हारी लागायचं ते हे, की मागे जाता येत नसे. एखादं नाणं राहिलं आणि ते पडद्याच्या डाव्या कडेबाहेर सरकलं की गेलंच. डावी कड भिंतीसारखी पाठीशी लागलेली असायची.

माझे बाबा माग दुरुस्त करणारे मिस्त्री. कुठला माग धोटा नीट फेकत नाही, कुठे पट्टा सरकतो, हे त्यांना आवाजावरून सांगता येत नसे, कारण शेडमधल्या चाळीस मागांच्या गदारोळात एकाचा आवाज वेगळा कसा काढणार? ते मागाच्या लोखंडी अंगावर तळहात ठेवायचे. डोळे अर्धवट मिटून क्षणभर थांबायचे. मग पाना घ्यायचे.

एकदा त्यांचा डबा द्यायला गेलो तेव्हा ठोकळा खिशात होता. जेवताना त्यांनी तो मागून घेतला. हाताला तेल होतं, म्हणून दोन बोटांच्या चिमटीत कडेने धरला आणि मला खेळायला सांगून नुसते बघत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अरे, हा माणूस कुठे चालतोय? तो आहे तिथेच आहे. कापड ओढलं जातंय.”

मी चिडलो होतो. माझा मारिओ पळत होता, माझ्या अंगठ्याने पळत होता. बाबांनी मला हाताला धरून चालू मागासमोर उभं केलं. मागच्या बीमवरून हजारो उभे धागे येतात. अर्धे वर उचलले जातात, अर्धे खाली राहतात, मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो, फणी तो धागा ठोकून बसवते. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जातं. कारागिराच्या नजरेसमोर कधीही दोन वितींहून जास्त कापड नसतं. झालेलं रुळात गेलं, व्हायचं ते अजून सुतात आहे. बाबांनी त्या दोन वितींवर बोट ठेवलं, मग माझ्या पडद्यावर ठेवलं. पडद्यावर तेलाचा ठसा उमटला. मी तो शर्टाला पुसला.

बाबा किती अचूक बोलले होते, हे मला फार वर्षांनी कळलं. गेम बॉयच्या आत चित्र म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी. पडद्यावर एका वेळी आडव्या वीस चौकटी दिसतात. आत मात्र बत्तीस चौकटी रुंदीची जागा असते, आणि तिची दोन्ही टोकं गोल नळीसारखी जोडलेली असतात. उरलेल्या बारा चौकटींच्या आडोशाला, आपल्या नजरेआड, पुढचा रस्ता भरला जातो: एक उभी ओळ, मग दुसरी, मग तिसरी. जिथे मघाशी पिरॅमिडची पायरी होती तिथेच थोड्या वेळाने खड्डा विणला जातो. सगळं राज्य तेवढ्याशा रुळावरून फिरतं. मागे जाऊ देणारे खेळही पुढे पुष्कळ झाले. त्यांत डावीकडचा रस्ता पुन्हा विणावा लागतो. आमच्या खेळात ते नव्हतं. आणि दोन टप्पे असे होते, पाणबुडीचा आणि अगदी शेवटचा विमानाचा, की तिथे आपण थांबलो तरी चित्र थांबत नसे. हाताने चालणारा माग मोटारीला जोडावा तसं.

गेम बॉय ज्याच्या हाताखाली घडला आणि जो या खेळाचा निर्माता होता, त्या गुनपेई योकोइंची हकिकत मी वाचली तेव्हा मला बाबा आठवले. योकोइ क्योटोचे. क्योटो हेही मागांचं शहर, तिथल्या निशिजिन भागातलं रेशीम पिढ्यानपिढ्या नावाजलेलं. १९६५ साली ते निन्टेंडोत, म्हणजे पुढे गेम बॉय काढणाऱ्या कंपनीत, लागले ते खेळ करायला नव्हे. कंपनी तेव्हा पत्त्यांचे जोड छापायची आणि त्या यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम होतं. म्हणजे मिस्त्रीच. रिकाम्या वेळात त्यांनी लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला, तो मालकाने पाहिला, आणि सगळं बदललं. जुनं, स्वस्त, पुरतं ओळखीचं झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणी केला नसेल असा उपयोग करायचा, हे त्यांचं सूत्र होतं. गेम बॉय आला त्याच वर्षी रंगीत, स्वतःच्या उजेडाचा पडदा असलेलं अटारीचं लिंक्स आलं; त्याला सहा सेल लागत आणि ते भराभर संपत. टिकला तो हिरवा, अंधारात न दिसणारा ठोकळा. आमच्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन भिवंडीने संसार उभे केले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या तेव्हा तिथलं काम इथल्या पत्र्यांखाली आलं.

योकोइ ४ ऑक्टोबर १९९७ ला गेले. महामार्गावर त्यांची गाडी धडकली, नुकसान किती झालंय ते बघायला ते खाली उतरले, आणि मागून येणाऱ्या गाडीने त्यांना उडवलं. ‘बघायला खाली उतरले’ या शब्दांपाशी मी अडकून राहतो. बिघाड झाला की जागेवर बसून न राहणारी ही माणसं मी घरात पाहिली आहेत.

मामू सुट्टी संपवून परत गेला तेव्हा ठोकळा मित्राकडेच राहिला, पुढे कधीतरी बिघडला. गेल्या वर्षी मी एक जुना गेम बॉय मिळवला, तोच खेळ घातलेला. बाबांना आता ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मागांजवळ काढलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं. आमच्या भिंतीपलीकडची शेडही उठली, तिथे आता खोक्यांचं गोदाम आहे. आठवड्यातले सातही दिवस शांतता असते.

खिडकीच्या उजेडात बसून मी खेळ सुरू केला. आवाज पूर्ण वाढवला, सवयीने. ती धून खोलीभर उड्या मारू लागली. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं पडदा बघायचा असेल, पण त्यांनी ठोकळ्याच्या अंगावर, आवाज बाहेर पडतो त्या बारीक चिरांवर, तळहात टेकवला. डोळे अर्धवट मिटले.

“चालू आहे,” ते म्हणाले.