मैना हसली नाही

डाळ मिलमधे गाणं ऐकता येत नाही. तिथं ते म्हणावं लागतं. रोलर सुरू झाला की शेजारचा माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो. तुरीचा भुसा नाकातोंडात जातो म्हणून रुमाल बांधायचा आणि रुमालाच्या आत गाणं म्हणायचं. कोणी ऐकत नाही, त्यामुळे लाज वाटत नाही. चार वर्षांत मी अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' अशी किती वेळा म्हटली असेल त्याचा हिशेब नाही. कट्टे उचलताना म्हटली. अंगणातलं वाळवण उलटं करताना म्हटली. रात्रपाळीला झोप उडवायला म्हटली.

पोरं सिनेमाच्या हिरोमागं येडी होतात, मी एका गाण्यामागं येडा झालो. त्या गाण्याचा अर्थ मला कसा लागला, कुठं चुकला आणि कोणी दुरुस्त केला, ते लिहितो. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि वस्तीतल्या वाचनालयात झालं. दोस्तांनो, या लिहिण्यात चुकलं असेल तर सांगा. लाजू नका.

यंदाच्या चौदा एप्रिलच्या तयारीची बैठक विहारात होती. कोणती गाणी घ्यायची याची यादी चालू होती. मी म्हटलं, 'माझी मैना' घेऊ. एक मित्र उसळला. कॉलेजात शिकतो, वाचतो, माझ्याहून हुशार आहे. म्हणाला, "भाऊ, हे बायकोचं गाणं. यात बाबासाहेब कुठं आहेत? आणि अण्णाभाऊ लाल बावट्याचे. जयंतीला हे कशाला?"

मी तयारच होतो. त्याला म्हटलं, तू गाणं शेवटपर्यंत ऐकलंस का? तो गप्प झाला. कारण त्यानं ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऐकलं होतं. ऑर्केस्ट्रावाले फक्त मैनेच्या रूपाचं वर्णन घेतात, पोरं नाचतात, मधेच ढोलकी वाजवून पुढच्या गाण्यावर जातात. शेवट कोणी म्हणत नाही. मोबाइलवर तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो.

मग मी बैठकीला अर्थ सांगितला. अण्णाभाऊ १९२० साली वाटेगावात मातंगाच्या घरी जन्मले. बापाबरोबर मुंबईला गेले, गिरणीत राबले, अक्षरं स्वतःच गिरवली. अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड आली आणि अमर शेखांच्या आवाजात महाराष्ट्रभर गेली. गाण्यातला माणूस पोटासाठी मुंबईला येतो, मैना गावाकडं राहते. ताटातूट होते. आणि शेवटाकडं गाणं एकदम वळतं. हा कामगार म्हणतो की जशी माझी गत तशीच या तुटलेल्या मुलखाची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं घेतो. म्हणजे मैना फक्त बायको नाही, बाहेर राहिलेला मराठी मुलूख आहे. बायकोच्या विरहातून राजकारण सांगितलं, आणि तेही गिरणीतल्या अडाण्याला कळेल असं. लाल बावट्याचं म्हणाल तर 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मग?

बैठकीत टाळ्या पडल्या. मित्र म्हणाला, घ्या मग. मी छाती काढून घरी आलो.

माय ओट्यावर लसूण सोलत होती. तिला पण अर्थ सांगायला बसलो. वहीत काढलेला नकाशा दाखवला. खाली बेळगाव, कारवार. वर डांग. इथं उंबरगाव. हे सगळं मैना. मायनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुन्हा नकाशा ऱ्हाऊ दे. माले येक सांग. ती हासनी का?"

मला कळलंच नाही. कोण हसली?

"मैना. तो गावना बाहेर निंघना तवय."

मी गाणं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. भल्या पहाटे माणूस निघतो. भाकरी बांधली आहे. मैना त्याला पोचवायला गावाच्या कडेपर्यंत येते. तिचा चेहरा उतरतो. तो तिला हसवायला बघतो. पत्रं धाडीन म्हणतो. दागिने करीन म्हणतो, एकेका दागिन्याचं नाव घेतो. केवढी तरी यादी. पण ती काही खुलत नाही.

"नाही हसली," मी म्हटलं.

"मी बी नही हासनू," माय म्हणाली. "तुन्हा बापनी माले पाटल्या कबूल करेल व्हत्यात. माले पाटल्या नको व्हत्यात. माले तो पाहिजे व्हता."

आणि परत लसूण सोलायला लागली.

शेकडो वेळा म्हटलेल्या गाण्यातली ही जागा मी कधी बघितलीच नव्हती. तिथून मी पळत पळत शेवटाकडं जायचो, नकाशाकडं. कारण मला वाटायचं, खरा अर्थ तिथं आहे, बायकोचं वर्णन म्हणजे वरचं साल. मिलची सवय. साल काढा, डाळ घ्या, चुनी ढोरांना.

आता बापाचं सांगतो. मी सहा वर्षांचा असताना आमचा बाप सुरतेला गेला. अमळनेरातून सुरतेला जाणं ही काही बातमी नाही. तापी लाइनवर स्टेशन आहे, संध्याकाळी बसलं की सकाळी उधना. आमच्या वस्तीत घर नाही ज्यातलं कोणी लूमवर नाही गेलं. आज्जा अमळनेरच्या प्रताप मिलमधे होता. मिल बंद पडल्यावर बापाला गावात काम उरलं नाही. मजुरीला गेलं तर आडनाव विचारायचे, आणि मग पाणी वरून ओतायचे. सुरतेला निदान तेवढं विचारत नाहीत, बाप म्हणायचा. तिथं फक्त हात बघतात.

बाप दिवाळीला यायचा आणि चौदा एप्रिलला यायचा. 'माझी मैना' मी त्याच्याकडूनच शिकलो. आंघोळ करताना म्हणायचा. मायकडं बघत म्हणायचा. माय आत निघून जायची. मला वाटायचं लाजते.

बारा वर्षांचा असताना मायनं मला सुरतेला नेलं. बापाचा ताप उतरत नव्हता. नंदुरबारच्या पुढं नवापूर स्टेशन लागतं. तिथं प्लॅटफॉर्मवरूनच हद्द जाते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एक बाकडं असं आहे की माणूस दोन राज्यांत बसतो. गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून ओरडलो, माय, हे बघ महाराष्ट्र संपला! माय म्हणाली, "संपू दे." ती पिशवीतल्या भाकरीकडं बघत होती. तिथून दक्षिणेला डांग. गाण्यातलं डांग. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. डांग आणि उंबरगाव गुजरातेत राहिले, बेळगाव आणि कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. हे मला नंतर पुस्तकात कळलं. पण हद्द कुठं असते ते मायला आधीच माहीत होतं. तिची हद्द अमळनेर स्टेशनाच्या गेटवर होती. तिथं ती दर दिवाळीनंतर उभी राहायची.

दोस्तांनो, या मायच्या प्रश्नानंतर मी बाबासाहेबांचं पुस्तक परत काढलं. 'भाषावार राज्यांसंबंधी विचार', १९५५ चं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अडचण वाटली होती. अख्खा महाराष्ट्र एक व्हावा म्हणून लोक रस्त्यावर येत होते आणि बाबासाहेब लिहितात की मराठी मुलखाचे चार भाग करा. हे कसं? आता दुसऱ्यांदा वाचताना कळलं. बाबासाहेब विचारतात की भाषेचं राज्य झाल्यावर त्यात सत्ता कोणाच्या हातात जाणार? गावात एक मोठी जात असते आणि बाकीच्या लहान लहान, तिच्या मेहरबानीवर जगणाऱ्या. राज्य मोठं झालं की त्या मोठ्या जातीचा हात मोठा होतो. मग लहानांचं रक्षण कोण करणार?

मला एकदम वाटलं, हा मायचाच प्रश्न आहे. पाटल्यांची यादी सांगू नका. मी हसावं असं काय करणार ते सांगा.

याचा अर्थ आपली माणसं त्या लढ्याच्या बाहेर राहिली असं नाही. १९५६ मधे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेलं. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर निवडून आले. आपण लढलो. प्रश्न खिशात ठेवून लढलो. आणि मला वाटतं अण्णाभाऊंच्या खिशातही तो होता. नाहीतर त्यांना काय अवघड होतं? दागिन्यांची यादी ऐकून मैना हसली असं लिहिलं असतं तर गाणं गोड झालं असतं. त्यांनी तिला हसू दिलं नाही. मुलखाचं गाणं लिहितानाही गावाच्या कडेला उभ्या त्या बाईला खोटं बोलायला लावलं नाही. म्हणून मी त्यांना आपला म्हणतो, बावटा कोणता का असेना.

पण एक गोष्ट त्यांच्याही गाण्यात नाही. मैना बोलत नाही. तिच्याबद्दल सगळं तो बोलतो. तिचं रूप तो सांगतो, तिचं दुःख तो सांगतो. मागं राहिलेलीचं गाणं अजून लिहायचं राहिलंय. आपण पोरं कविता लिहितो त्यातही माय येते ती पाटीवाली, घामाची, राबणारी. तिला आपण विचारत नाही. मीही नकाशा घेऊनच बसलो होतो.

फेब्रुवारी २०२४ मधे आमच्या अमळनेरात दोन साहित्य संमेलनं झाली, अखिल भारतीय आणि विद्रोही. मी मिलमधे होतो. माझा अर्थ लसणाच्या टोपलीपाशी लागला.

पुढच्या बैठकीत मी उठून सांगितलं की गेल्या वेळचा माझा अर्थ अर्धा होता. मायचं बोलणं सांगितलं. कॉलेजवाला मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमची माय पण नव्हती हसत." त्याचा बाप वापीला आहे. मला माहीत नव्हतं. रोज जयभीम घालतो एकमेकाला, आणि माहीत नव्हतं.

चौदा एप्रिलच्या रात्री आम्ही 'माझी मैना' पूर्ण म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या गावापर्यंत. डाळ मिलमधे काम करतो म्हणून एवढं सांगू शकतो की डाळ पेरली तर उगवत नाही. उगवायला दाणा अख्खा लागतो. गाण्याचंही तेच. नाचण्यापुरतं अर्धं घेतलं तरी वाया, भाषणापुरतं अर्धं घेतलं तरी वाया.

माय पुढं बसली होती. शेजारी बाप. तो दोन वर्षांपूर्वी कायमचा परत आला. लूमच्या खडखडाटानं त्याचे कान गेलेत. माझं तोंड हलताना त्याला दिसत होतं, कोणतं गाणं ते कळत नव्हतं. त्यानं मायला कोपरानं ढोसून विचारलं. माय त्याच्या कानाशी वाकली, मोठ्यानं काहीतरी म्हणाली. बाप माझ्याकडं बघत राहिला आणि ओठ हलवायला लागला.

मी मैनेच्या न हसण्याच्या जागेवर आलो होतो. तिथं यावेळी थांबलो. ढोलकीवाला पण थांबला. मग पुढं गेलो.

जयभीम.