मधल्या फ्रेमा

टॅबलेट पहिल्यांदा मुलांच्या हातात दिला की ती काय करतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. स्टिकर चिकटवतात. चित्रं काढायच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये तयार फुलपाखरं, तयार फुगे, तयार ढग खच्चून भरलेले असतात आणि मुलं ते पडदाभर लावत सुटतात. तास संपायच्या आत सगळ्या गटांची चित्रं तयार. सगळी देखणी आणि सगळी एकसारखी. कुणाचं कोणतं हे ओळखायला खाली नाव बघावं लागतं.

मी नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग शिकवते. लोकवर्गणीतून आलेला एक टॅबलेट आणि माझा मोबाइल, एवढीच आमची सामग्री. अ‍ॅप निवडताना मी आता फार वेळ घालवत नाही. उघडल्यावर पडदा किती रिकामा आहे तेवढं बघते. रिकामा असेल तर ठेवते.

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे स्क्रॅच ज्युनिअर. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी इथल्या मंडळींनी २०१४ साली ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आणलं. त्यातल्या ठोकळ्यांवर अक्षरं नाहीत, बाण आणि चित्रं आहेत, त्यामुळे अजून धड वाचता न येणारं मूलही सूचनांची माळ लावू शकतं. याचं मूळ बरंच मागे, १९६७ च्या लोगोपर्यंत जातं. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी तेव्हा मुलांच्या हाती संगणकाला हुकूम सोडायची भाषा दिली. पुढे त्या हुकमावर चालणारं कासवही आलं. स्क्रॅच ज्युनिअर उघडलं की मधोमध एक मांजर उभं असतं. त्यावर बोट दाबून धरलं की ते थरथरतं आणि लाल फुली उमटते. फुलीवर टिचकी मारली की मांजर गायब. शाळेतल्या दुसरीच्या मुलांनाही मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: मांजर पुसायचं कसं. मग पडदा त्यांचा होतो आणि त्यावर शेळ्या, एसटी, बुलेटवरचा मामा असं काहीही अवतरतं.

पण माझा जीव रमतो तो स्टॉप मोशनमध्ये. वस्तू ठेवा, फोटो काढा, वस्तू इवलीशी सरकवा, पुन्हा फोटो काढा. अ‍ॅप ते फोटो ओळीने पळवतं आणि चिंचोका चालू लागतो. अ‍ॅपचं काम इतकंच. मागच्या फोटोची फिकट छाया ते पडद्यावर दाखवतं, म्हणजे वस्तू किती सरकवली ते कळतं. बाकी सगळं मुलांनी करायचं.

मांडणी आम्ही अनुभवाने ठरवली आहे. टॅबलेट बाकाच्या कडेवर आडवा ठेवायचा, कॅमेऱ्याची बाजू तेवढी बाहेर काढायची, मागच्या बाजूवर पाठ्यपुस्तकांचं ओझं, आणि खाली जमिनीवर गोणपाट किंवा काळं कापड अंथरून त्यावर चित्रपट. खिडक्या लावून घ्यायच्या, कारण ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि चित्रपटात वीज चमकल्यासारखं होतं. मग बल्ब लावायचा. मग वीज जाते. गटात एक सरकवणारा, एक टिपणारी, एक मोजणारा, आणि एक फक्त “हात!” म्हणून ओरडणारी. कुणाचा ना कुणाचा हात प्रत्येक चित्रपटात येतोच. एकच टॅबलेट असल्यामुळे मुलं एकत्र बसतात हे खरं, पण म्हणून टंचाईचे गोडवे मी गाणार नाही. दुसरा मिळाला तर आजच हवा आहे.

गणित यात न बोलावता येतं. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं सरकत, बोलपट आल्यावर चोवीस झाली. आम्हाला सहा पुरतात. वीस सेकंदांच्या चित्रपटाला एकशेवीस फोटो. सुरुवातीला मुलं दोन मिनिटांचा चित्रपट करायला निघतात, आकडा सातशेवीस निघतो आणि गोष्ट आपोआप छोटी होते. वेगाचंही तसंच. मुंगळा हळू चालवायचा तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा सरकवायचा, पळवायचा तर दोन पेरं. ‘एकक वेळेत कापलेलं अंतर’ ही व्याख्या पुढे कधीतरी पुस्तकात भेटेल, पण ती काय म्हणते हे सरकवणाऱ्याच्या बोटांना आधीच ठाऊक झालेलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. पुस्तकातली आकृती दोन टोकं दाखवते: इकडे बी, तिकडे रोप; इकडे समुद्र, तिकडे ढग. मध्ये बाण. मूल बाण काढतं, पाचपैकी पाच गुण घेतं आणि बाणाच्या पोटात काय घडतं याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. चित्रपटात बाण चालत नाही. मधली प्रत्येक फ्रेम कुणाला तरी हाताने मांडावी लागते, आणि ती मांडताना मुलाच्या डोक्यात खरं काय आहे ते बाहेर पडतं.

चंद्राच्या कलांचंच बघा. सगळ्यांच्या वह्यांत आकृत्या बरोबर होत्या. एका गटाने ठरवलं की भाकरी घ्यायची आणि तिथीगणिक थोडी थोडी खायची. नागलीची भाकरी काळपट दिसेल म्हणून मुद्दाम तांदळाची आणली, काळ्या कापडावर ठेवली आणि पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत चाखत चाखत फोटो काढले. कल्पना माझ्याइतकी सगळ्यांनाच आवडली. मात्र चित्रपट बघताना मागून कुणीतरी म्हणालं, “अष्टमीचा चांद असा नसतो.” कसा असतो? वाद झाला. घास घेतल्यावर उरलेली कड आत वळते, ती कधी सरळ होत नाही. वहीत अष्टमीला कड सरळ होती, पण वहीवर विश्वास ठेवायला भाकरीवाला गट तयार नव्हता. शेवटी येणाऱ्या अष्टमीला आपापल्या अंगणातून बघून यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गट स्वतःहून म्हणाला, मधली रेघ सरळ आहे. पुढच्या चार-पाच संध्याकाळी बघितल्यावर ती रेघ बाहेर फुगलेली दिसली. तशी भाकरी खाताच येत नाही.

म्हणजे चंद्र कुणी खात नाही, तो गोल आहे आणि त्याच्यावर एका बाजूने उजेड पडतोय. हे मी दर वर्षी सांगत होते, दर वर्षी मुलं मान डोलवत होती. आता त्यांनी काठीला रबरी चेंडू खोचला, अंधाऱ्या खोलीत एकच बल्ब लावला आणि चेंडू धरणारीला जागच्या जागी थोडं थोडं वळवत तिच्या पाठीमागून, खांद्यावरून फोटो घेतले. नवमी कशी दाखवायची हा प्रश्नच उरला नाही. चेंडूने ती आपली आपण दाखवली. भाकरीचा चित्रपट मी पुसू दिला नाही. दोन्ही एकापाठोपाठ दाखवतो.

जलचक्राने मात्र मलाच विचारात पाडलं. कापसाचे ढग, निळ्या कागदाच्या पट्ट्यांचं पाणी, पिवळा सूर्य, सगळं झोकात चाललेलं. पाणी वर जायची वेळ आली आणि सरकवणारा थांबला. “मॅडम, वाफ दिसत नाही तर ठेवायचं काय?” कुणी म्हणालं, पोषण आहाराच्या पातेल्यावर दिसते की पांढरी. त्यावर बोलणं झालं: पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब, वाफ स्वतः दिसत नाही. हे सगळ्यांनी मान्य केल्यावर तर अडचण वाढलीच. एका गटाने निळ्या कागदाचे तुकडे दर फ्रेमला छोटे करत नेले आणि शेवटी काढून टाकले. दुसऱ्या गटाने थेट बारा रिकाम्या फ्रेमा घेतल्या आणि आवाजात सांगितलं, “आता वाफ वर चालली आहे, पण ती दिसत नाही.” अख्खे दोन सेकंद पडद्यावर काहीच नाही. पहिला गट म्हणाला, ही फसवणूक आहे. दुसरा म्हणाला, फसवणूक तुमची, न दिसणारं तुम्ही दाखवलंत. मी निकाल दिला नाही, आणि देता आला असता असंही नाही.

बाहेरून कुणी पाहुणे आले की त्यांना हे दाखवते. बघून झाल्यावर हमखास सूचना येते: मागे छानसं गाणं टाका. स्पर्धेला पाठवायचं असेल तर गाणं लागतंच, आणि स्पर्धेसाठी मुलांच्या नावावर चित्रपट कोण बनवतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आम्ही गाणं टाकत नाही, कारण त्याखाली मुलांचं बोलणं बुडतं. ध्वनिमुद्रण झाल्यावर दर वेळी एकजण तरी म्हणतो, हा माझा आवाज नाहीच. त्याला सांगते, एरवी तुझा आवाज तुला हवेतून आणि हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, इथे फक्त हवेतून येतोय. बोलणं मी दुरुस्त करत नाही. मुलं भाताची ‘आवणी’ म्हणतात, तर चित्रपटातही आवणीच होते. पुस्तकातली लावणी परीक्षेपुरती आहेच. आणखी एक सोय अशी, की मातीच्या माणसांना मुलांचे चेहरे नसतात. त्यामुळे पालकांच्या गटावर चित्रपट पाठवताना कुणा लेकराचा फोटो कुठे फिरेल याची काळजी राहत नाही.

अलीकडे एक वाक्य लिहिलं की अख्खा व्हिडिओ हातात ठेवणारी अ‍ॅप आली आहेत. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत एकाने कौतुकाने दाखवलं: बी रुजतंय, असं लिहिलं आणि क्षणात बी रुजलं. दिसायला आमच्यापेक्षा शंभर पटींनी सुंदर. मला त्याचा राग नाही. एखादा धडा समजावताना मीही ते दाखवीन. पण मूळ आधी फुटावं की कोंब, हे त्यात वर्गातल्या कुणालाही ठरवावं लागलं नाही. माझ्या वर्गात मातीचं बी रुजवताना चारपैकी तीन गटांनी कोंब आधी काढला होता, आणि ‘प्रथम मूळ बाहेर येते’ हे वाक्य त्याच मुलांच्या वह्यांत माझ्या लाल बरोबरसह होतं.

त्यानंतर आम्ही खरं बी लावलं. काचेचा ग्लास, आत ओला टिपकागद, आणि काच व कागद यांच्यामध्ये घेवड्याचा दाणा. अ‍ॅपमध्ये ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढायची सोय असते, ती मी बंद ठेवली. दर तासाच्या घंटेला पाळीतल्या मुलाने जाऊन फोटो काढायचा. यंत्राने फोटो काढला असता तर दाण्याकडे कुणी बघितलंच नसतं.

याच दिवसांत मी त्यांना दादासाहेब फाळक्यांबद्दल सांगितलं. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे मुलांच्या हिशेबी गाववालेच. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्यात टिपली होती. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला, त्यात काड्याच हलवल्या. अंकुराची गोष्ट सांगायची प्रचलित पद्धत अशी: कुंडीसमोर कॅमेरा मांडून महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराचा चित्रपट झाला. मीही तशीच सांगितली. मोजणाऱ्या पोराने लगेच बोटं चालवली. “महिन्याच्या तीस फ्रेमा, मॅडम. सोळाने दोन सेकंदंसुद्धा होत नाहीत.” मिनिटाला किती लागतील? नऊशेसाठ. महिन्यात बसवायच्या तर रोज बत्तीस. वर्गाचं एकमत झालं की फाळके दिवसभर उठून उठून फोटो काढत असणार, आणि ‘रोज एक’ ही नंतर कुणीतरी सोपी करून सांगितलेली गोष्ट असणार. इतकी वर्षं मी ती तशीच सांगत आले होते, आणि ती लिहिणाऱ्यांनीही गुणाकार केलेला दिसत नाही.

घेवड्याचा चित्रपट चालवला तेव्हा आधी मूळ आलं, मग वाकलेली मान वर निघाली आणि दाण्याच्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन उभी राहिली. वाटाण्याचं असं होत नाही, त्याच्या डाळिंब्या खालीच राहतात. तेव्हा आता वाटाणाही लावला आहे. पण मुलांचं लक्ष भलतीकडेच होतं. रोप मधेच टुणकन उडी मारत होतं. एक उडी बरीच मोठी, तिला त्यांनी ‘रविवारची उडी’ असं नाव दिलं, आणि तारीख न बघता चित्रपटातला रविवार ओळखायचा खेळ सुरू झाला. बाकीच्या छोट्या उड्या म्हणजे रात्री. त्यावरून पाचवीतल्या एकीने विचारलं, रोप रात्री जास्त वाढतं, की आपण नव्हतो म्हणून तसं वाटतं?

शाळा दहा ते पाच, म्हणजे आम्ही सात तास असतो आणि सतरा तास नसतो. ग्लासावर पेनाने खुणा करायच्या, पाच वाजता एक आणि सकाळी दहाला एक, आणि वाढ तासांनी भागायची, ही रीत मुलांनीच काढली. सेंटिमीटरने भागाकार जमेना म्हणून मिलिमीटर घेतले. झाडलोटीच्या पाळीवाल्यांना ग्लास हलवायची सक्त मनाई झाली आहे. येत्या रविवारी शाळेजवळ राहणाऱ्या दोघींनी किल्ली घेऊन दर तासाला फोटो काढावेत, असा ठरावही झाला. टॅबलेट रविवारी मुलींच्या हाती सोपवावा की नाही, यावर मुख्याध्यापकांशी अजून बोलणं चालू आहे. माझं मत, सोपवावा.